‘मार्कडाउन घ्या आणि सुटा’ म्हणणाऱ्यांना

सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहायला बसलं की हल्ली हमखास सल्ला मिळतो: मार्कडाउन घ्या आणि सुटा. साध्या मजकुरात # किंवा * अशा खुणा देऊन शीर्षकं, याद्या लिहायचं हे तंत्र पाच मिनिटांत येतं, सगळीकडे सारखं चालतं, पुढे गरज पडलीच तर कन्व्हर्ट करता येतं. पहिली गोष्ट खरी आहे. रीडमीसाठी (प्रोजेक्टची ओळख देणारी छोटी फाइल) मीही तेच वापरतो.

‘सगळीकडे सारखं’ मात्र साफ चूक. जॉन ग्रुबर यांच्या २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नव्हते, तळटीपा नव्हत्या. मग ज्याने त्याने आपापली भर घातली. २०१४ मध्ये कॉमनमार्क हे सामाईक प्रमाण आलं, पण सगळी टूल्स ते पाळत नाहीत. ठिपक्यांच्या यादीत दोन स्पेस देऊन उपयादी लिहा. गिटहबवर ती नीट आत सरकते. तीच फाइल एमकेडॉक्सला, म्हणजे मार्कडाउनपासून वेबसाइट बनवणाऱ्या टूलला द्या: त्यातलं पायथन-मार्कडाउन चार स्पेस मागतं, उपयादी सपाट होते, आणि एररही येत नाही. तिथेच ‘इन्स्टॉल कसं करायचं’ असं शीर्षक दिलं, तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये अँकरमधली (त्या विभागाच्या लिंकच्या पत्त्यातली) देवनागरी अक्षरं गळून नुसता अंडरस्कोअर आणि आकडा उरतो. वर असाच एखादा नवा विभाग घातला की आकडे सरकतात आणि जुन्या लिंका भलतीकडेच नेतात.

राहिलं कन्व्हर्ट करणं. पॅनडॉक हे कन्व्हर्टर एका पद्धतीच्या खुणा दुसऱ्या पद्धतीत बदलून देतं. मुळात लिहिलंच नाही ते कुठून आणणार? पेस्ट केलेला कोड पेस्ट केलेलाच राहतो. अ‍ॅस्कीडॉक या दुसऱ्या लेखनपद्धतीत टॅग लावून चालत्या, टेस्ट झालेल्या फाइलीतल्याच ओळी पानात ओढता येतात. स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या टूलमध्ये लिंक ज्याकडे नेते ते लेबल सापडलं नाही तर वॉर्निंग मिळते, आणि ठरवलं तर बिल्डच थांबतं. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशन २०१६ मध्ये डॉकबुक ही जुनी पद्धत सोडून स्फिंक्स आणि त्याच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीकडे वळायला लागलं.

मराठीत लिहिणाऱ्यांना मार्कडाउनचा एक मोठा फायदा आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. बॅकटिक (`) या कोडच्या खुणेमधल्या ‘कॉन्फिग’ला ‘मध्ये’ जोडलं तर मार्कडाउन ते निमूट स्वीकारतं. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला खुणेनंतर स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं, नाहीतर मध्ये बॅकस्लॅश घुसवावा लागतो. दर वाक्यात हे करणं जिवावर येतं.

म्हणून मोठं मराठी मॅन्युअल असेल तर मी मिस्ट घेईन: लिहायला मार्कडाउन, आणि मागे स्फिंक्सची तपासणी.