कडेवरचं नाव आणि पाकिटावरचं खोटं

नमस्कार,

लष्करी पदकं परदेशातल्या संग्राहकांना विकताना कायद्याचा फटका कुठे बसू शकतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगलीच झणझणीत आहे. चार ओळींत तिचं उत्तर होणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी उगाच बागुलबुवा उभा केला. पदक घरच्यांच्या मालकीचं, ते कुणाला विकायचं हे तेच ठरवणार. दहा वर्षांत तुम्ही तीसेक पदकं टपालाने देशाबाहेर पाठवलीत, एकही पाकीट कुणी फोडलं नाही. मोठी लिलावगृहं हाच माल राजरोस विकतात. अमेरिकेबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि शेवटचं म्हणजे, घरी पडलेलं पदक एक ना एक दिवस सोनाराच्या मुशीत जातं, परदेशी संग्राहकाकडे ते निदान मखमलीवर तरी राहतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं आणि त्याच्या जोडीचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं. १९८० च्या सुमाराला चांदीचा भाव भडकला तेव्हा चांदीची पदकं भराभर वितळवली गेली. म्हणूनच ब्राँझचं पदक आज कितीतरी वेळा एकटंच बाजारात येतं, विधुरासारखं. संग्राहकांनी पदकं वाचवली, हे मला मान्यच आहे. मी स्वतः त्यातलाच आहे. पण वितळण्यापासून वाचवलं, हा सीमाशुल्काच्या टेबलापुढे बचाव होत नाही.

अमेरिकेबद्दल मी चुकलो. कोणतंही अमेरिकन लष्करी पदक विकणं गुन्हा आहे, असं मी सरसकट लिहून टाकलं होतं. तिथल्या संघीय कायदेसंहितेच्या १८ व्या भागातल्या कलम ७०४ चे शब्द खरंच व्यापक आहेत. त्यात खरेदी, विक्री, आयात, निर्यात सगळं येतं. पण नियमांनी परवानगी दिलेले अपवाद त्याच कलमात धरलेले आहेत आणि युद्धात जखमी किंवा ठार झालेल्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्टसारखी पदकं तिथे उघड विकली जातात. कडक पहारा आहे तो मेडल ऑफ ऑनरवर, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्यपदकावर. २००३ मध्ये अशी दोन पदकं विकल्याबद्दल दोघांवर खटला भरला गेला. एक पदक स्पॅनिश-अमेरिकन युद्धातलं होतं, दुसरं त्याच्याही आधीच्या यादवी युद्धातलं. ज्या गिऱ्हाइकाला ती विकली तो एफबीआयचा माणूस निघाला. पदक शंभर वर्षांचं झालं म्हणजे कायदा त्याला विसरतो, असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता मूळ मुद्दा. तो मी आधीच्या लेखात धड मांडला नव्हता, हेही खरं.

ते ब्रिटिश वॉर मेडल हातात घ्या. ३६ मिलिमीटरची चकती, पुढच्या बाजूला पंचम जॉर्ज, मागच्या बाजूला घोडेस्वार आणि टापांखाली प्रशियाचा गरुड असलेली ढाल. हे चित्र लाखो पदकांवर तेच आहे, त्याला कुणी जादा पैसे देत नाही. आता पदक उभं धरा आणि कडा उजेडाकडे करा. तिथे ठशांनी उमटवलेली बारीक अक्षरं दिसतील: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. परदेशी संग्राहक पैसे मोजतो ते या अक्षरांचे. म्हणून तर काही महाभाग मूळ नाव कानशीने घासून तिथे जास्त भावाचं नाव उठवतात. ते पकडायला कॅलिपर, म्हणजे व्यास बारकाईने मोजायचं साधन लागतं, कारण घासलेल्या ठिकाणी व्यास केसभर कमी भरतो. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या पदकात मी असा फसलो आहे. तेव्हा माझ्याकडे कॅलिपर नव्हता, होता तो आत्मविश्वास.

ज्या अक्षरांमुळे पदकाला भाव येतो, त्याच अक्षरांमुळे ते कायद्याच्या नजरेत भरतं. बिननावाचं, हजारोंनी निघालेलं पदक बाहेर गेलं तर सहसा कुणाला फरक पडत नाही. एका विशिष्ट माणसाचं, विशिष्ट लढाईतलं पदक मात्र त्या देशाच्या इतिहासाचा ऐवज ठरतं. सोव्हिएत ऑर्डर ऑफ द रेड स्टारचंही तेच. त्याच्या पाठीवरचा क्रमांक अभिलेखागारात शोधला की मालकाचं नाव निघतं, आणि सोबत सन्मानाबरोबर दिलेली मूळ पुस्तिका असेल तर भाव आणखी चढतो. रशियाच्या फौजदारी संहितेचं कलम ३२४ नेमकं अशाच वस्तूंसाठी आहे. रशियन संघराज्याचे आणि सोव्हिएत काळातले सरकारी सन्मान बेकायदा घेणं किंवा विकणं हा तिथे गुन्हा आहे. पदक देशाबाहेर नेण्याची गोष्ट तर पुढचीच. झारच्या काळातली पदकं या कलमात येत नाहीत, पण सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीचे नियम त्यांनाही चुकत नाहीत.

‘घरच्यांच्या मालकीचं’ या तुमच्या मुद्द्यावर न्यूझीलंडचं उदाहरण देतो. तिथल्या चार्ल्स अपहॅमला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश परंपरेतलं सर्वोच्च शौर्यपदक, दोनदा मिळालं. हा मान दोनदा मिळालेले तिघेच, आणि उरलेले दोघे लष्करी डॉक्टर. प्रत्यक्ष लढणारा तो एकटा. २००६ मध्ये त्याच्या मुलींनी पदकं लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला विकली. विकणारे वारस खरे, घेणारी संस्था नामांकित, सौदा उघड. मालकी लंडनला गेली, पदकं मात्र गेली नाहीत. न्यूझीलंडच्या कायद्याने अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे ती कायमच्या उसनवारीवर वायोउरूच्या लष्करी संग्रहालयातच ठेवावी लागली. (पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००७ मध्ये, तिथून ९६ पदकं चोरीला गेली आणि त्यात हीही होती. फेब्रुवारी २००८ मध्ये सगळी परत मिळाली.) विकण्याचा हक्क एक आणि बाहेर नेण्याचा हक्क दुसरा. लंडनच्या संग्रहालयाला जे जमलं नाही ते साध्या पाकिटातून जमतं, याचं कारण एवढंच की पाकिटात काय आहे ते कुणाला माहीत नसतं.

ऑस्ट्रेलियाने तर ही यादीच करून ठेवली आहे. १९८६ च्या कायद्याखाली आपल्या सैनिकांना मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनी ‘अ’ वर्गात टाकले आहेत, म्हणजे निर्यात बंदच. कॅनडात परवान्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ५० वर्षांपेक्षा जुनी वस्तू ठराविक किमतीच्या वर गेली की परवाना लागू शकतो. भारतात १९७२ चा पुरातन वस्तू व कलानिधी कायदा आहे आणि त्याची रेघ १०० वर्षांवर आहे. ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वस्तू त्या व्याख्येत बसू शकते. एकदा ती पुरातन ठरली की सरकार किंवा सरकारने नेमलेली यंत्रणा सोडून कुणालाही ती बाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, वर दंड. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो तो आणखी वेगळा. वस्तू पुरातन आहे की नाही याची शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं.

१०० वर्षांच्या या रेघेची एक गंमत आहे. ती जागची हलत नाही, पदकं तिच्याकडे चालत येतात. पहिल्या महायुद्धाची पदकं ती ओलांडून गेली. इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर मोहिमेचं नाव असलेली धातूची पट्टी असते; त्यातली ‘वझिरीस्तान १९१९-२१’ ही पट्टीही गेली. ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर १९३०-३१’ वाटेवर आहे. तुम्ही दहा वर्षांपूर्वी जे पाठवलंत ते तेव्हा चालण्यासारखं असेलही; तसंच दुसरं आज चालेल असं नाही.

आता तुमची तीस पाकिटं. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत की टपालाच्या सीएन २२ या सीमाशुल्क घोषणेच्या फॉर्मवर तुम्ही ‘धातूचा शोभेचा बिल्ला, भेटवस्तू’ असं लिहिता आणि किंमत नावापुरती टाकता. वाचून मला हसूही आलं आणि धसकाही बसला. कारण माझ्या अंदाजाने त्या तिसातल्या बऱ्याच पदकांना कसलाच परवाना लागला नसता. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिकांना दिलेले स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) बिननावाचे आहेत आणि ढिगाने मिळतात. ‘लष्करी पदक, ब्राँझ, अमुक साल, विक्री, किंमत इतकी’ असं खरं लिहिलं असतं तर कदाचित फक्त खरेदीदाराला थोडा कर पडला असता. खोटं लिहून तुम्ही सरळ असलेला व्यवहार हाताने वाकडा केलात. पदक निर्यातयोग्य असो वा नसो, खोटी घोषणा हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय तुमच्या विरुद्धचा पुरावा तुम्हीच तयार करता: बँकेत पूर्ण रक्कम जमा, निरोपांमध्ये पदकाचं नाव, कडेचे फोटो, आणि फॉर्मवर बिल्ला. चुकून नियम माहीत नव्हता, असं म्हणायची सोयसुद्धा तो एक शब्द काढून घेतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सोन्याचांदीची वस्तू, घडवलेली असो वा नसो, विमा नसलेल्या साध्या टपालात घालायला आंतरराष्ट्रीय टपाल करारानेच मनाई आहे. चांदीचं पदक साध्या पाकिटात हरवलं तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

कुणी फोडलं नाही म्हणता. पाकीट फुटण्याची वेळ टळली, पदकाची टळलेली नाही. पंधरा वर्षांनी तो संग्राहक ते विकायला काढेल, कडेवरच्या नावाचा मोठा फोटो आंतरजालावर येईल आणि कुणाचा तरी पणतू ते नाव शोधत असेल. फिलिप कोनोवाल या कॅनडाच्या सैनिकाचा व्हिक्टोरिया क्रॉस १९७० च्या दशकात कॅनडाच्या युद्ध संग्रहालयातून नाहीसा झाला होता. २००४ मध्ये तो लिलावाला आला, लंडनमध्ये. पण हे लंडन कॅनडातलं, ऑन्टारियोमधलं. नावावरून ओळख पटली आणि पदक संग्रहालयात परत गेलं. तो चोरीचा मामला होता आणि तुमचा तसा नाही, हे कबूल. पण ‘हे त्या देशातून बाहेर कसं आलं?’ हा प्रश्न तुमच्या खरेदीदारालाही विचारला जाईल, आणि मागचा माग काढत गेलं की तो तुमच्या बिल्ल्यापाशी येऊन तुटेल.

लिलावगृहांबद्दल फार लिहीत नाही. ती राजरोस विकतात, कारण माल बहुतेक त्याच देशात असतो आणि विक्रीच्या अटींमध्ये निर्यात परवान्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकलेली असते. परवाना नाकारला गेला तरी सौदा रद्द होत नाही, असंही साधारणपणे लिहिलेलं असतं. बारीक टायपातलं ते पान एकदा वाचा.

माझ्या लेखात एक बाजू सुटली होती आणि तुमच्याही नजरेतून ती सुटली: पदक ज्या देशात पोचतं तिथला कायदा. जर्मनीत स्वस्तिक असलेली नाझी पदकं इतिहाससंशोधनासारख्या कारणांच्या अपवादात बसत नसतील तर तिथल्या फौजदारी संहितेचं कलम ८६ अ आडवं येतं, आणि त्यात अशा चिन्हांची आयात-निर्यातही आहे. म्हणून तिथल्या सूचीपत्रांत ते चिन्ह झाकलेलं दिसतं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने, मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेली सांस्कृतिक वस्तू संघात आणायलाच बंदी आहे, आणि लष्करी इतिहासाच्या वस्तू त्या यादीत स्पष्ट नोंदलेल्या आहेत. म्हणजे निघताना नजर चुकवली तरी पोचताना दुसऱ्याच कायद्याची नजर आहे. उलट दिशेला, २०२२ पासून युरोपीय संघातून रशियात ३०० युरोंपेक्षा जास्त किमतीच्या संग्राह्य वस्तू पाठवण्यावर निर्बंध आहेत. मॉस्कोतला खरेदीदार कितीही सज्जन असला तरी.

राहिलं ते तुम्ही शेवटी उल्लेख केलेलं तीन पदकांचं त्रिकूट: १९१४-१५ स्टार, वॉर मेडल, व्हिक्टरी, तिन्हीवर एकच नाव, आणि घाई करणारा खरेदीदार. ते आत्ता कोणत्या देशात आहे हे तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. तेवढं कळवा. दोन गोल पदकांच्या कडेचे आणि स्टारच्या पाठीचे फोटो पाठवा. स्टारला कडा नसते, त्याच्यावर नाव मागे असतं. शंभर वर्षं मोजताना एक लक्षात ठेवा: युद्ध १९१८ ला संपलं, पण वॉर मेडल स्थापन झालं १९१९ मध्ये आणि ही पदकं घडवून वाटायचं काम १९२० नंतरही चालू होतं. खरेदीदाराला परवान्याच्या अर्जाचे काही आठवडे थांबायला सांगा. नाही म्हणाला तर तो का नाही म्हणतोय, तेही मला कळवा.