आईच्या दुधाला नावं ठेवणं बंद करा

आज दवाखान्यात रांगेत बसले होते. शेजारी एक बाई, मांडीवर दीडेक वर्षाचं पोर, हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. सोबतची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आईचंच लक्ष नाही, बाळसं धरणार कसं!" ती बिचारी खाली मान घालून बसली. डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

कारण माझ्या वहिनीने हेच ऐकलंय. भाची पंधरा महिन्यांची, खायची व्यवस्थित, पण वजनाचा काटा हलेना. घरातल्या सगळ्यांनी, हो माझ्यासकट, ठरवून टाकलं की वहिनीचं दूधच अंगी लागत नाही. आणि एके सकाळी लंगोटात वीतभर जंत निघाला.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध दिलं, 200 मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्यांच्या गोळीची अर्धी, चुरून. (वर्षाच्या आतल्या बाळाला मनाने देऊ नका प्लीज, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच.)

अरे ते लेकरू रांगतं, मातीचे हात तोंडात घालतं, त्या मातीत अंडी येतात कुठून? उघड्यावर बसणाऱ्या आपल्या मोठ्या माणसांकडून! असा एक वीतभर गोल जंत, मादी असेल तर, दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अंकुशकृमी (हुकवर्म) नावाचा दुसरा जंत तर अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, पोरं पांढरीफटक पडतात. यात आईचा दोष कुठे आला??

आता कुणीतरी कोक्रेनचा रिव्ह्यू (जंताच्या गोळ्यांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) आणून टाकेल. बरं, मान्य, सरसकट सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या तर सरासरी वजनात फारसा फरक दिसत नाही. पण म्हणून ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला औषध द्यायचंच नाही का?

नुसत्या गोळीने भागत नाही हे मलाही कळतं, भाचीला सहा महिन्यांत परत जंत झाले, अंगण तेच, पाणी तेच, घरात संडास नाही. माझ्या भावाला वहिनीचं दूध दिसत होतं, नसलेला संडास दिसत नव्हता. दुसऱ्यांदा जंत निघाल्यावर बांधला, तेव्हा कुठे पोरगी सावरली.

आज त्या बाईशी नीट बोलताही आलं नाही, नंबर लागला तिचा. एवढंच म्हणाले, डॉक्टरांना जंताचं विचार गं, तुझं काही चुकलेलं नाही.

भाची आता शाळेत जाते, धावण्यात कुणाला ऐकत नाही. आणि तरी परवा वहिनी भांडी घासता घासता मला विचारते, "वन्सं, तेव्हा माझं दूध खरंच कमी पडत होतं का ओ?"