हा ड्रॅगन नाही, पाल आहे

पाच-सहा वर्षांच्या मुलाने 'मला ड्रॅगनवाला बर्थडे पाहिजे' असं जाहीर केलं की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष मोबाइल काढून डेकोरेशनवाल्याचा नंबर शोधतो. दुसरा म्हणतो, 'त्यात काय एवढं, घरीच करू.' हा लेख दुसऱ्या पक्षासाठी. पहिल्याचे नुसते पैसे जातात, दुसऱ्याची झोप जाते आणि पैसेही.

मी दुसऱ्या पक्षाची जुनी कार्यकर्ती. माझं स्पष्ट मत आहे की परीकथेतला महाल उभारायला परदेशी व्हिडिओ बघत बसायची गरज नाही. ज्याने लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आणि मोठेपणी गणपतीचं मखर रात्री दोन वाजता उभं केलं, त्याला यातलं सगळं येतं. अडचण एवढीच की त्याच्या हातून होणाऱ्या महालाला बुरूज, चर्या (तटावरची दातेरी कड), जंग्या (मारा करायची भिंतीतली भोकं) आणि बुरुजांआड लपलेला गोमुखी दरवाजा असतो. राजकन्येला राहायला जागा मिळते, पण दारावर मावळे उभे. मुलांची त्याला काही हरकत नसते. हरकत असते ती मावशीची, कारण तिने फोटोत गुलाबी महाल बघितलेला असतो.

मखरवाल्यांचा लाडका थर्माकोल मात्र विसरायचा. २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. मला दुःख नाही. त्याचे पांढरे दाणे कपाटाखालून पुढच्या गणपतीपर्यंत निघत राहतात आणि त्यावर स्प्रे पेंट मारला की रंगातल्या सॉल्व्हंटने मखरच वितळून खड्डे पडतात. आपला माल म्हणजे पुठ्ठा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचा खोका मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सकाळी जा, संध्याकाळी तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर असतो. खोक्याची कड नीट बघा. मधे लाटांचा एक थर दिसला तर तो थ्री प्लाय, दोन दिसले तर फाइव्ह प्लाय. तटबंदीला फाइव्ह प्लाय, नक्षीकामाला थ्री प्लाय. उलटं केलंत तर तट वाकतो आणि नक्षी कापताना अंगठा.

पुठ्ठ्याच्या पोटात ज्या नळ्या असतात त्या भिंतीत उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर भिंत स्वतःच्याच वजनाने बसते, आणि बसते ती केक कापायच्या वेळी. घडी घालायची तर आधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून जोरात रेघ ओढा, मग दुमडा. नुसतं दुमडलं की घडी मनाला येईल तिथे पडते. कटरची पाती दोन-तीन खोके कापून झाली की टोकाचा तुकडा मोडून नवी धार काढायची. बोथट पातं पुठ्ठा कापत नाही, फाडतं, आणि मग त्या फाटक्या कडेला आपण 'जुन्या किल्ल्याचा लूक' म्हणतो.

आता बुरूज. इथे बहुतेक लोक गडबडतात, कारण शंकूचं गणित दहावीनंतर कुणी केलेलं नसतं. चार्ट पेपर २२ बाय २८ इंचांचा येतो. एक कागद घ्या, २८ इंचांची बाजू गोल वळवा, एक इंच एकावर एक चढवून चिकटवा. साधारण साडेआठ इंच व्यासाचा, २२ इंच उंच बुरूज तयार. आतून खोक्याच्या तीन-चार उभ्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत शेवग्याच्या शेंगेसारखा वाकतो. दुसऱ्या कागदावर एका कोपऱ्यात दोऱ्याचं टोक दाबून धरा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा आणि २२ इंच त्रिज्येचा पाव गोल काढा. चिकटवायला एका बाजूने इंचभर पट्टी जास्त सोडा. गुंडाळला की ११ इंच बुडाचं, २१ इंचांहून थोडं उंच टोकदार छप्पर होतं आणि बुरुजाबाहेर सव्वा इंच वळचण राहते. पाव गोलाऐवजी अर्धा गोल घेतलात तर बूड दुप्पट आणि छप्पर बसकं. मग तो परीचा महाल राहत नाही, कोकणातली खोपटी होते. तीही छान दिसते, पण मावशी काय म्हणेल याचा विचार करा.

रंग थेट खाकी पुठ्ठ्यावर लावू नका. पोस्टर कलरची अख्खी बाटली तो गटकतो आणि वर ढेकर दिल्यासारखा मळकट दिसतो. आधी भिंतीचा उरलेला पांढरा डिस्टेंपर एक हात मारा. पण एकाच बाजूने पाणी लागलं की ती बाजू फुगते आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. उपाय सोपा आहे: मागच्या बाजूनेही ओला ब्रश फिरवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखाच फुगतो आणि सरळ वाळतो. दगडांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा दोन बाय चार इंचांचा तुकडा राखाडीच्या दोन छटांत बुडवून छापत जा. वरच्या ओळीचा सांधा खालच्या दगडाच्या मधोमध आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला तर किल्ल्याऐवजी बाथरूमची टाइल दिसते आणि लोक फ्लश शोधू लागतात.

आणि हे सगळं जुलैत करायचं असेल तर माझी सहानुभूती घ्या. ठाण्याच्या हवेत तेव्हा फेविकोल वाळत नाही, विचार करत बसतो. एरवी अर्ध्या तासात धरणारा जोड रात्रभर दोरीने बांधून ठेवावा लागतो. ज्यांची मुलं जानेवारीत जन्मली त्या आईबापांना या बाबतीत काही कळत नाही.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे ड्रॅगनकडे. खळ घरच्या मैद्याची: एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत ढवळत काचेसारखी चकाकी येईपर्यंत शिजवायची. घरातले जुनेजाणते 'मोरचूद घाल, किडे लागत नाहीत' असं सुचवतील. मुलांच्या वस्तूत घालू नका, ते विष आहे. सांगाडा लाँड्रीतून येणाऱ्या तारेच्या हँगरचा. डोकं बुटाच्या खोक्याचं. झाकण एका बाजूने टेपने जोडलं की जबडा उघडतो-मिटतो. वर्तमानपत्राच्या इंचभर रुंद पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्रीने कापायच्या नाहीत. फाडलेली कड एकमेकीत मुरते, कापलेली कड रंगाखालून पट्टीसारखी उठून दिसते. तीन थर पुरे, पण प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. घाई केली की आतला ओलावा अडकतो, बुरशी धरते आणि दोन दिवसांत ड्रॅगन रंग न लावताच हिरवा होतो. रात्री तो स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. झुरळांच्या दृष्टीने ते मैद्याचं जेवण आहे.

अंगावरच्या खवल्यांसाठी तीस अंड्यांचे कागदी ट्रे. एकेक वाटी कापून तिच्या दोन-तीन पाकळ्या करायच्या आणि शेपटीकडून मानेकडे लावत यायचं, मंगलोरी कौलं चढवतात तसं: खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. मानेकडून सुरुवात केलीत तर ड्रॅगन पिसं विस्कटलेल्या कोंबडीसारखा दिसतो.

एवढं करून रात्री अकरा वाजता उत्सवमूर्ती येते, कमरेवर हात ठेवून बघते आणि म्हणते, "आई, हा ड्रॅगन नाही, पाल आहे."

वाईट वाटून घेऊ नका. पोरगं शरीररचनेवर बोलतंय. आपल्या हाताला पालीची सवय आहे, रोज ट्यूबलाइटमागे तीच दिसते. सरळ पाठ, बाजूला फाकलेले पाय, डोक्यावर टपोरे डोळे: ही पाल. मान इंग्रजी 'एस'सारखी वळवा, पाय पोटाखाली घ्या, डोळ्यांवर जाड भुवई चिकटवा, दोन शिंगं द्या. आणि पंख. पंखांसाठी पुठ्ठा वाया घालवू नका. सप्टेंबरपर्यंत ठाण्यातल्या प्रत्येक घरात दाराआड एक मोडकी काळी छत्री उभी असते. तिचा मधला दांडा काढून कापड दोन भागांत कापा. आठ काड्यांच्या छत्रीतून एका पंखाला चार काड्या, वर ताणलेलं काळं कापड आणि खाली आपोआप वटवाघळासारखी कमानदार झालर. काड्यांच्या टोकांवर कापूस गुंडाळून टेप मारा, कुणाच्या डोळ्यात जायला नको. या पंखांनंतर त्या प्राण्याला पाल म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

फुग्यांबद्दल थोडक्यात. बारा इंची फुगा अकरा इंचांवर थांबवा, म्हणजे गोल राहतो; पूर्ण फुगवला की पपई होते. हेलियम भरलेला बारा इंची फुगा स्वतःचं वजन सोडून जेमतेम दहा ग्रॅम उचलतो, म्हणजे ए-फोरचे दोन कागद. तेव्हा 'फुग्यांवर ड्रॅगन उडवू' ही बाबांची कल्पना प्रेमाने नाकारा. हातगाडीवरच्या गॅसच्या फुग्यात हायड्रोजन असू शकतो आणि तो पेटतो. केकवरच्या मेणबत्त्यांच्या जवळपास तो नकोच. आणखी एक: संत्र्याच्या सालीतलं तेल लागलं की फुग्याचं रबर फाटतं. संत्रं सोलणाऱ्या आजोबांना फुग्यांच्या कमानीपासून लांब बसवा.

परीकथेत राक्षस असतो. आपल्या गोष्टीत तो छताला टांगलेला असतो आणि पाच नंबरवर फिरतो. छताचा पंखा साधारण १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन फूट त्याचं राज्य. त्यापुढेही दीड-दोन फुटांत काही टांगू नये. वीस मुलं आणि त्यांच्या आया असताना पंखा बंद ठेवू असं कुणी म्हणत असेल तर तो मे महिन्यात इथे राहिलेला नाही. तारे, ढग, तरंगत्या मेणबत्त्या जे काही लटकवाल ते तंगुशीने. हार्डवेअरवाल्याकडे 'तंगूस' म्हणूनच मागा, 'ट्रान्सपरंट नायलॉन थ्रेड' म्हटलं की तो फक्त बघत राहतो. तंगुशीला साधी गाठ टिकत नाही. पाच वेढे घेऊन टोक त्यातून ओढा आणि वर ग्लू गनचा एक थेंब. ताऱ्याच्या खालच्या टोकात, दोन कागदांच्या मधे एक रुपयाचं नाणं दडवा. त्या वजनाने तारा जागच्या जागी हलतो, शेजारच्याच्या गळ्यात पडत नाही. आणि तारा दोन्ही बाजूंनी रंगवा, वाऱ्यावर तो आपली पाठच दाखवतो.

राक्षसाची बहीण म्हणजे भिंत. डबल साइड टेप भिंतीला धरायला हवा तेव्हा धरत नाही, सोडवायला गेलं की रंगाचा पोपडा घेऊनच येतो. म्हणून आधी भिंतीवर कागदी मास्किंग टेपची पट्टी लावा, त्या पट्टीवर डबल साइड टेप, त्यावर सजावट. काढताना मास्किंग टेप भिंतीला चिकटून हळूहळू, उलटा दुमडत ओढायचा. ओल आलेल्या भिंतीवर ही युक्तीही चालत नाही, तिथे खिडकीच्या ग्रिलला दोरी बांधा आणि पडदा सोडा.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत पार्टी क्लबहाऊसमध्ये असते. तिथे नियम तीन: खिळा नाही, टेप नाही, दहानंतर गाणी नाहीत. हॉल ताब्यात मिळतो एक तास आधी आणि त्यातली वीस मिनिटं चावी शोधण्यात जातात. म्हणून सगळं सुटं करून न्यायचं. छपरांचे शंकू एकात एक घाला, कुल्फीच्या कोनासारखे. बुरुजांचा जोड फेविकोलने न करता कागदाच्या क्लिपांनी करा, म्हणजे गुंडाळून नेता येतात. लिफ्टच्या दाराचं माप ड्रॅगन करण्याआधी घ्या, नंतर नव्हे. पंख वेगळे न्या. हॉल घरापासून दूर असेल आणि रिक्षाने जायचं असेल तर ड्रॅगनचं तोंड आत आणि शेपूट बाहेर ठेवा. उलटं ठेवलंत तर मानपाड्याच्या सिग्नलला बाजूच्या बाइकवाल्याशी त्याची नजरानजर होते आणि सिग्नल सुटला तरी कुणी हलत नाही.

आणि चमकी. विकत घेऊ नका, कुणी दिली तर नाकारा, घरात असेल तर शेजारी द्या. ताऱ्यांना चकाकी हवीच असेल तर चॉकलेटच्या चांद्या सपाट करून चिकटवा. चमकी पुठ्ठ्यावर सोडून बाकी सगळीकडे चिकटते: केक, सोफा, वॉचमन दादांची टोपी. पोछा मारला की पसरते. तरीही ऐन वेळी कुणीतरी पुडी फोडतंच. तेव्हा डिपॉझिट परत घ्यायला सेक्रेटरी काकांकडे जाऊन 'आम्ही चमकी वापरलीच नाही' असं सांगण्याआधी, आरशात एकदा आपले कान बघून घ्या.