गेम कुठून घ्यायचा: सांगलीच्या वाचकमित्राला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एकट्याने खेळायचा, गोष्टीचा गेम घ्यायचा असेल तर आधी गॉग या ऑनलाइन दुकानावर बघा आणि तिथे असेल तर तिथूनच घ्या. स्टीम आणि एपिक ही पीसी गेमची तशीच दुसरी ऑनलाइन दुकानं. डीआरएम म्हणजे परवानगीची खात्री झाल्याशिवाय गेम चालू न देणारं कुलूप; गॉग गेम त्याच्याशिवाय, म्हणजे डीआरएम-फ्री विकतं. आणि की म्हणजे गेम आपल्या खात्यात जोडायचा कोड. तर हे मित्र म्हणतात: "डीआरएम-फ्री वगैरे पगारवाल्यांचे चोचले आहेत. आम्हाला महिन्याला पाचशे रुपये सुटले तर खूप. स्टीमवर रुपयांत भाव आहे, यूपीआय चालतं, सगळे गेम एका लायब्ररीत राहतात. स्टीम काही बंद पडत नाही. एपिक दर आठवड्याला फुकट देतं. त्याहून स्वस्त हवा असेल तर की विकणाऱ्या साइट आहेतच. मग गॉगवर डॉलर का मोजायचे?" आणि शेवटी विचारलंय की दिवाळीच्या पैशांत एल्डन रिंग आणि विचर 3 घ्यायचे आहेत, ते कुठून घेऊ.

आधी पैशांचं बोलू, कारण तुमचा सगळा जोर तिथेच आहे आणि तो रास्त आहे. स्टीमने भारतात रुपयांत भाव लावले ते नोव्हेंबर 2015 पासून. त्याआधी इथल्या पोरांना डॉलरचं कार्ड शोधत फिरावं लागायचं. गॉगवर आजही आपल्याला डॉलरच दिसतो. समजा गेम 10 डॉलरचा आहे आणि डॉलर 85 रुपये धरला, तर झाले 850. त्यावर बँक परकीय चलनाचा आकार लावते, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, आणि त्या आकारावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. म्हणजे आणखी पस्तीसेक रुपये. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर कार्डावरचे परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. वडिलांचं कार्ड असेल तर आधी त्यांना ते पटवावं लागतं. हा त्रास खरा आहे. पाचशे रुपयांत महिना काढणाऱ्याने गॉगवर दुप्पट पैसे मोजावेत, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

पण तो रुपयांतला भाव कोण ठरवतं, हेही बघा. स्टीम फक्त शिफारस करतं. आकडा टाकतो गेमचा प्रकाशक. त्यामुळेच एक गेम इथे निम्म्या किमतीत मिळतो आणि दुसऱ्याचा भाव थेट डॉलरला गुणून लावलेला असतो. आणि ही सोय कायमची आहे असंही धरून चालू नका. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानच्या लोकांना स्टीमवर त्यांच्या चलनात भाव होते. तिथली चलनं घसरत राहिली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने दोन्ही देशांना डॉलरवर नेलं. एका रात्रीत कितीतरी गेम तिथल्या खेळाडूंच्या आवाक्याबाहेर गेले. आपल्याकडे असं होईल असं भाकीत मी करत नाही. रुपयांतल्या भावाचा फायदा आज जरूर घ्या, पण त्या बदल्यात आयुष्यभराची सगळी खरेदी एकाच दुकानाला बांधून टाकू नका, इतकंच.

आता तुमचं मुख्य वाक्य: "स्टीम काही बंद पडत नाही." मलाही तसंच वाटतं. 2003 पासून चालू आहे, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची स्थिती भक्कम आहे. माझा मुद्दा दुकान बंद पडण्याचा नाहीच. दुकान धडधाकट असताना गेम हातातून कसा जातो, तो आहे.

एक प्रकार बघा. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 चा. एकट्याने खेळायचा असला तरी त्याला सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम सुरूच होईना. पुढे कंपनीने खेळाडूंचे परवानेही काढून घेतले. युरोपात यावर मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये तिच्या सह्या दहा लाखांच्या वर गेल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त परवाना विकताय हे स्पष्ट सांगा. ऑक्टोबर 2024 पासून स्टीमच्या कार्टमध्ये ती ओळ दिसते. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी ती वाचा.

दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त लागू पडतो. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 चा आधार काढून घेतला. आता आपल्याकडची घरं आठवा. नवा लॅपटॉप शिकणाऱ्या मुलाकडे असतो आणि गावाकडच्या घरी जुना पीसी, 4 जीबी रॅम, विंडोज 7. त्या पीसीवर 2005 सालचा गेम मजेत चालतो. पण तो सुरू करायला स्टीमचं क्लायंट, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचं त्यांचं सॉफ्टवेअर, लागत असेल, तर क्लायंट आज ना उद्या हात वर करणार. तोच गेम गॉगच्या इन्स्टॉलरमधून टाकलेला असेल तर मधे कोणाला विचारायचं कारणच नाही.

तो इन्स्टॉलर म्हणजे नेमकं काय, हे मागच्या लेखात घाईत राहून गेलं. गॉगच्या वेबसाइटवर लॉगिन करून आपल्या लायब्ररीतल्या गेमवर क्लिक केलं की ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर असा भाग दिसतो. गॅलेक्सी हे त्यांचं लाँचर, म्हणजे गेम उतरवायचं आणि सुरू करायचं सॉफ्टवेअर, घेण्याची सक्ती नाही. छोट्या गेमला एकच सेटअप एक्सई असते. मोठा गेम असेल तर तिच्यासोबत बिन (.bin) फाइलींचे तुकडे येतात, ते सगळे त्याच फोल्डरमध्ये असावे लागतात. पॅच आणि जादा भाग वेगळे असतील तर तेही उतरवा. फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका. मग वाय-फाय बंद करा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून बघा. पहिल्या दृश्यापर्यंत पोचलात की तो गेम तुमचा. हे मी प्रत्येक खरेदीनंतर करतो, कारण डिस्कवर फाइल पडून असणं वेगळं आणि ती चालणं वेगळं.

याची किंमत मला देवरुखला मामाकडे कळली. पावसात नेट गेलं होतं, आणि एका मोठ्या कंपनीचं लाँचर पुन्हा साइन-इन मागून अडून बसलं. गेम पूर्ण उतरवलेला होता, लॅपटॉपला चार्जिंग होतं, समोर मोकळी संध्याकाळ होती. भाच्यांना खेळायला मिळाला तो हार्ड डिस्कवरचा जुना गेमच. खेड्यात राहणाऱ्या, सुट्टीला गावी जाणाऱ्या कोणाही खेळाडूला हे चोचले वाटणार नाहीत.

आणखी एक उदाहरण मला विशेष लागतं. अनरियल हा 1998 चा गेम, आजही त्यावर जीव टाकणारे लोक आहेत. डिसेंबर 2022 मध्ये तो आणि त्याच्या मालिकेतले जुने गेम दुकानांतून काढले गेले. काढणारं एपिक, म्हणजे ज्यांचा तो गेम आणि ज्यांचं स्वतःचं दुकान आहे, तेच. ज्यांनी आधी गॉगवरून इन्स्टॉलर उतरवून ठेवले होते त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.

गॉगची भक्ती करा असं मात्र मी सांगत नाही. डिसेंबर 2020 मध्ये तैवानच्या रेड कँडल स्टुडिओचा डिव्होशन हा गेम आम्ही विकणार असं गॉगने जाहीर केलं आणि त्याच दिवशी शब्द फिरवला. ते मला अजिबात पटलं नव्हतं. 2021 मध्ये हिटमॅन हा गेम आणला, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींना सतत नेट लागायचं. लोकांनी झोडपल्यावर तो काढून टाकला. डिव्होशनवाल्यांनी शेवटी काय केलं? स्वतःच्या वेबसाइटवर दुकान मांडलं आणि गेम डीआरएमशिवाय विकायला सुरुवात केली. हा तिसरा रस्ता आपण विसरतो. फॅक्टोरिओ या गेमचं उदाहरण घ्या: बनवणाऱ्यांच्या साइटवरून घेतला तर डीआरएम-फ्री डाउनलोडही मिळतो आणि स्टीमवरही तो जोडता येतो. दोन्ही फायदे एकाच पैशात. लहान स्टुडिओचा गेम घेण्याआधी त्यांची स्वतःची साइट एकदा बघाच.

आणि स्टीमवरून घ्यायचा ठरला तर डोळे उघडे ठेवून घ्या. गेमच्या पानावर उजवीकडच्या रकान्यात, वैशिष्ट्यांच्या यादीखाली एक वेगळ्या रंगाची चौकट येते. त्यात डेन्यूव्हो हे दुसऱ्या कंपनीचं डीआरएम आहे का, युबिसॉफ्ट किंवा ईए या कंपन्यांचं वेगळं खातं लागतं का, हे लिहिलेलं असतं. बरेच जण ट्रेलर बघतात, सवलतीचा हिरवा आकडा बघतात आणि ही चौकट सोडून देतात. माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. तिथे दुसऱ्या कंपनीचं लाँचर लिहिलं असेल, तर "सगळं एका ठिकाणी" हा तुमचा फायदाही उरत नाही. तुमच्या गेमला दोन कुलपं लागली आहेत. उलट स्टीमचं स्वतःचं डीआरएम ऐच्छिक आहे. काही प्रकाशक ते लावतच नाहीत, आणि त्यांचे गेम स्टीमच्या फोल्डरमधून थेट सुरू होतात.

एपिकबद्दल वाद नाही. दर गुरुवारी रात्री जे फुकट मिळतं ते घ्या, मीही घेतो. मे 2020 मध्ये जीटीए 5 फुकट दिला तेव्हा त्यांची साइट कोलमडली होती, इतकी गर्दी झाली. विकसकाकडून ते जास्तीत जास्त 12 टक्के घेतात, स्टीम सुरुवातीला 30 टक्के घेतं, हेही एपिकच्या बाजूने सांगायला हवं. फक्त फुकटच्या यादीवरून विकत घ्यायचं दुकान ठरवू नका.

आता ज्या वाक्याने मला खरोखर वाईट वाटलं ते: "की विकणाऱ्या साइट आहेतच." मित्रा, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत होऊ शकत नाही. हंबलसारखी अधिकृत दुकानं प्रकाशकाकडून की घेतात, ती वेगळी. कोणीही येऊन की विकावी असे जे बाजार आहेत, तिथली की कुठून आली हे तुम्हाला कळत नाही. चोरलेल्या कार्डावर की घ्यायच्या, बाजारात विकून मोकळं व्हायचं, आणि कार्डाचा मालक तक्रार करतो तेव्हा पैसे परत करण्याचा भुर्दंड विकसकावर पडतो. फॅक्टोरिओ बनवणाऱ्या वुबेने हे प्रकरण धसाला लावलं. 2020 मध्ये जीटूए या की-बाजाराने त्यांच्या 198 चोरीच्या की आपल्या बाजारात विकल्या गेल्याचं मान्य केलं आणि 39,600 डॉलर भरले. वुबे तग धरून होते म्हणून इतकं भांडू शकले. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने राजी हा गेम बनवला, त्याआधी 2017 मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली होती, तरी ते चिकटून राहिले आणि 2020 मध्ये गेम आला. अशा लहान स्टुडिओला असे फटके झेपतील का? पैसे नसतील तर सेलची वाट बघा, इच्छायादीत टाकून ठेवा, इज देअर एनी डील या भाव दाखवणाऱ्या साइटवर आजवरचा सगळ्यात कमी भाव बघा. तिथे अधिकृत दुकानांचेच भाव असतात. महिना पाचशे रुपयांत वर्षभर चांगले गेम मिळतात, फक्त पहिल्या दिवशी मिळत नाहीत.

तेव्हा तुमच्या दिवाळीचं. मी दुकान निवडतच नाही, गेम बघून ठरवतो. ज्याचा जीव ऑनलाइन खेळण्यात आहे तो स्टीमवर, मित्र असतील तिथे. जो दहा वर्षांनी पुन्हा काढून खेळावासा वाटेल, तो जिथे इन्स्टॉलर हातात देतात तिथे.

विचर 3 दुसऱ्या जातीचा आहे. तो गॉगवरून घ्या, पण सेलमध्येच, आणि बँकेचा आकार धरून दोन्हीकडचा भाव मांडून. फरक शंभर-दीडशेत असेल तर गॉग. तिनशेच्या वर गेला तर खुशाल स्टीम, मी वाद घालणार नाही. गॉगवर आणखी एक सोय म्हणजे खेळून झाल्यावरही 30 दिवसांत पैसे परत मागता येतात.

एल्डन रिंगला पीसीवर स्टीमशिवाय पर्याय नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला. पण तुम्ही लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आहे असं लिहिलंय, आणि हा गेम किमान 12 जीबी मागतो. आधी दुकानात जाऊन मोकळा स्लॉट आहे का ते बघून घ्या आणि रॅम वाढवा. मग गेम घ्या. जवळपास 60 जीबी उतरवायचे आहेत, ते होस्टेलच्या नेटवर रात्री लावा. स्टीम पैसे परत देतं ते दोन तासांहून कमी खेळला असाल तर, आणि ते दोन तास मोजले जातात खेळण्याचे, डाउनलोडचे नाहीत. फक्त खरेदीपासून 14 दिवस उलटू देऊ नका. सुरू झाल्यावर पात्राचा चेहरा घडवत बसू नका, तोही वेळ मोजला जातो. सरळ पहिल्या मोकळ्या मैदानात या, ग्राफिक्स खाली आणून अर्धा तास घोडा पळवून बघा. अडखळत असेल तर त्याच दिवशी रिफंड टाका आणि तेच पैसे विचरला लावा.