भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा हृदयरोग

गेल्या आठवड्यात एकच मेसेज आधी गावच्या ग्रुपवर आला, मग सोयऱ्यांच्या, आणि शेवटी भजनी मंडळाच्याही. मजकूर थोडक्यात असा: 'शुगर, वात, किडनीवाल्यांनो, डॉक्टर उगाच हृदयाची भीती घालतात. अटॅक जाड, बसून खाणाऱ्यांना येतो. कोलेस्टेरॉल नॉर्मल आणि छातीत कळ नाही म्हणजे हृदय ठणठणीत. बीपीची गोळी किडनी खाते, सोडून द्या.' खाली जोडलेले हात आणि 'वीस जणांना पाठवा'.

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही. पण मेसेज वाचून गोळ्या बंद केलेली तीन माणसं आठ दिवसांत काउंटरवर आली, म्हणून लिहायला बसलो.

'अटॅक जाड माणसांना येतो.' मग आमचे ऊसतोडीला जाणारे काटक गडी सुटले म्हणायचे! ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९च्या आसपास. आपल्याकडं वजनापेक्षा पोट बघावं लागतं: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८०च्या वर गेली की सावध व्हायचं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढं, अशी किती माणसं पारावर बसलेली दिसतात! त्यात दाढेखालचा तंबाखू. तो ओढला नाही, चघळला, म्हणून हृदय माफ करत नाही. मिश्रीही तंबाखूच.

'कोलेस्टेरॉल नॉर्मल म्हणजे निर्धास्त.' इथं मेसेज लिहिणारा सपशेल फसलाय. आमवात घ्या. गुडघ्याची झीज नव्हे. सकाळी बोटं आखडतात, तासभर मूठ वळत नाही, तो. त्यातली सूज सांध्यापुरती थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही धरते. आणि गंमत अशी, की सूज जोरात असते तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी दिसतं. रिपोर्ट गोड, धोका मात्र इतरांच्या साधारण दीडपट. युरोपातले डॉक्टर अशा रुग्णाचा हृदयाचा धोका मोजताना आलेल्या आकड्याला दीडनं गुणतात, ते याचसाठी.

माझ्या मावशीला हाच आमवात. एकदा तिनं औषधांची कॅरीबॅग काउंटरवर रिकामी केली. डायक्लोफिनॅक या दुखीच्या गोळीच्या तीन स्ट्रिप, दोन अर्ध्या खाल्लेल्या, आणि कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. त्या स्टेरॉइडच्या निघाल्या. कुणीतरी 'ताकदीच्या' म्हणून दिलेल्या, चार वर्षं चालू. स्टेरॉइडनं शुगर चढली होती, बीपीही. डायक्लोफिनॅक अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, किडनीवर ताण आणतं, आणि अटॅकचा धोकाही वाढवतं. गिधाडं संपली ती हेच औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. माणसाला ते गिधाडाइतकं विषारी नाही, पण शेंगदाण्यासारखं खायचंही नाही.

'छातीत कळ नाही म्हणजे हृदय ठणठणीत.' शुगर जुनी झाली की पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, हे घरोघरी माहीत आहे. हृदयाच्या नसाही तशाच बधिर होतात. मग कळ येत नाही. दम लागतो, दरदरून घाम फुटतो, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. पोळ्याच्या दिवशी मावशी दुकानात येऊन बसली. ''पुरण बाधलं रे. गॅस लई झालाय, काहीतरी दे.'' कपाळावर घाम होता. ॲसिडिटीचं पाकीट मीच फोडून पाण्यात टाकून दिलं. तीन तासांनी ईसीजी काढला तेव्हा अटॅक येऊन गेलेला. वाचली. पण आता जिना चढताना दोनदा थांबते, आणि मी घाम बघितला की आधी ईसीजीला पाठवतो.

'बीपीची गोळी किडनी खाते.' किडनी खातो तो वाढलेला बीपी. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या गोळ्या तर लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या किडनीला वाचवायलाच देतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं वर सरकतं, म्हणून डॉक्टर काही दिवसांनी रक्त तपासायला बोलावतात. तो एक कागद हातात घेऊन माणूस गोळी सोडतो आणि दुखीच्या गोळ्या मात्र चालू ठेवतो! जुलाब-उलट्या लागल्या तर यातल्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, हे खरं. ते डॉक्टरला फोन करून विचारायचं, ग्रुपला नाही. किडनीच्या आजाराचे बरेच रुग्ण तर डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हृदयविकारानं जातात.

सांध्यासाठी दवाखान्यात गेलात तरी बीपी-शुगर मोजून घ्या आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, ताकदीच्याही. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते.

त्या तिघांपैकी एका अण्णांचं बीपी मी काउंटरवरच मोजलं. १७८ वर १०४. मी पुन्हा मोजलं, तेवढंच. अण्णा गोळ्यांची पाकिटं खिशात घालत म्हणाले, ''मला मेसेज धाडला तो माझा व्याही आहे. त्याला काय सांगू?''

''त्यांच्याही गोळ्या बंद आहेत का?''

''मग! माझ्या आधीपासून.''

''त्यांना उद्या घेऊन या, अण्णा. सकाळी, तंबाखू खायच्या आधी.''