‘मुंबईत बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हापूसवर कीटकनाशक फवारणाऱ्यांच्या अंगावर ते कसं उलटतं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘मुंबईत बसून बागायतदारांना बदनाम करू नका. म्हातारपणी कोणीही चिडका होतो, त्याचा औषधाशी काय संबंध?’

आधी माझी चूक. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या कीटकनाशकाला मी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं म्हटलं, ते पायरेथ्रॉइड या वेगळ्या गटातलं आहे. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘मुंबईत बसून’? मतभेद असू देत, ही भाषा कशाला? माझा जन्म देवगड तालुक्यातला. मोहोर फुटला की मी खाली पायपंप मारायचो आणि बाबा नळी घेऊन कलमावर चढायचे. वारा फिरला की सगळे तुषार त्यांच्याच अंगावर. बादलीत औषध कालवायचं तेही उघड्या हाताने, कोपरापर्यंत. एकदा पौषातल्या थंडीत ते संध्याकाळी ओटीवर घामाने निथळत बसले होते. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ‘माका काय झाला नाय’ म्हणत होते आणि सदऱ्याचं बटण त्यांना काढता येत नव्हतं. मी काढलं. तेव्हा बाबा ४४ वर्षांचे होते. याला तुम्ही म्हातारपण म्हणता?

संबंध विचारलात ना? नसेचा निरोप पोचला की तो पोचवणारं रसायन अ‍ॅसिटाइलकोलीन मोडावं लागतं. ते मोडणारं विकरच (एन्झाइम) ऑर्गॅनोफॉस्फेट अडवतं, मग स्नायू आणि ग्रंथी थांबतच नाहीत. मोहोरावरची कीड, तुडतुडा, मरतो तो याच वाटेने, आणि माणसाच्या नसांतही तेच रसायन आहे. त्यानंतरच्या दोन हंगामांत, कधी आवाज न चढवणारे बाबा भरलं ताट भिरकावू लागले. झोप गेली. स्वतः लावलेली कलमं मोजताना चुकू लागले. वर्षानुवर्षं फवारणाऱ्यांमध्ये विसराळूपणा आणि नैराश्य जास्त दिसल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. तुम्ही वाचलं नसेल, तर तो माझा दोष नव्हे. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली, ती बातमी तरी वाचली असेल.

एका घरावरून काही सिद्ध होत नाही, असंही तुम्ही म्हणता. ते घर माझं आहे, एवढंच सांगतो. तुडतुडा, दापोली विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक, निर्यात, यावर पुन्हा कधीतरी. फवारणी बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख नीट वाचा.

आणि पुढची प्रतिक्रिया देण्याआधी एवढं कळवा: यंदा तुमच्या बागेत नळी कोण धरतं, आणि त्याला हातमोजे दिलेत का?