काका, हा कुठला पक्षी?

निवृत्तीच्या वेळी ऑफिसने मला दुर्बीण दिली. शाल-श्रीफळावर भागवलं असतं तर पुढचा सगळा ताप टळला असता. ती गळ्यात अडकवून मी बाल्कनीत काय उभा राहिलो, सोसायटीचा पक्षितज्ज्ञ म्हणून माझी परस्पर नेमणूक झाली. मानधन नाही, रजा नाही.

एरवी या पदावर फारसे कष्ट नसतात. पुण्यातल्या सोसायटीच्या बागेत येऊन येऊन येणार कोण? बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंजीर, फार तर एखादा भारद्वाज. पण श्रावण सरत आला की माझा मोबाइल वाजू लागतो. ‘काका, हा कुठला पक्षी? दुर्मीळ वाटतोय.’

परवा ब विंगमधल्या वहिनींनी फोटो पाठवला. डोकं तुळतुळीत आणि पिवळंधमक, कानाचं भोक उघडं, मान काडीएवढी. खाली मजकूर : ‘गिधाडाचं पिल्लू आमच्या ग्रिलवर बसलंय. वन खात्याला कळवू का?’

ती साळुंकी होती. तिच्या डोळ्याभोवती जी पिवळी कातडी दिसते, तीच पिसांखाली डोकंभर असते, हे एरवी आपल्याला कळायचं कारण नाही. पीस आपल्या नखा-केसांसारखं केराटिनचं. एकदा पुरतं वाढलं की निर्जीव. फाटलं तर दुरुस्ती नाही. वर्षभर ऊन, पाऊस, फांद्यांचं घासणं आणि घरट्यातली ये-जा सोसून ते विटतं, झिजतं. म्हणून बहुतेक पक्षी विणीचा हंगाम उरकला की जुनी पिसं टाकून नवी घेतात. पंखांतली पिसं बेतानं, डावी-उजवीकडची जोडीनं झडतात, नाहीतर उडायची पंचाईत. डोक्यावरची मात्र कधीकधी एकदम जातात. शिवाय पिसांतले माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे परजीवी! चोच अंगभर फिरते, फक्त स्वतःच्या डोक्यावर पोचत नाही. तिथं त्यांना अभय.

हे सगळं मी वहिनींना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण काका, रात्री थोडं खोबरेल लावून बघायला काय हरकत आहे?”

“हरकत साळुंकीची असेल,” मी म्हणालो.

तळमजल्यावरचे अप्पा ही वेगळी परीक्षा. ते वहीत नोंदी करतात. त्यांच्या वहीत या महिन्यात बिनशेपटीचा बुलबुल ‘बहुधा नवीन जात’ म्हणून चढला होता. बुलबुलाच्या शेपटीत १२ पिसं असतात. मांजरीनं झडप घातली की ही पिसं तिच्या तोंडात ठेवून बुलबुल पसार होतो. मुळासकट निघालेल्या पिसाच्या जागी लगेच नवं फुटायला लागतं. मोडलेलं मात्र झडायची पाळी येईपर्यंत तसंच मिरवावं लागतं. आमच्या पार्किंगमधली मांजर तेव्हा गाडीच्या टपावर बसून मिशा चाटत होती, पण अप्पांना साक्षीपुरावा चालत नाही. एकाच शिंजिराच्याही त्यांनी तीन जाती केल्या होत्या : जांभळा-काळा, पिवळट आणि ठिगळ्या. वीण संपल्यावर नर आपला चकचकीत वेश उतरवून मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राखतो. मधल्या काळात ठिगळं. अप्पांचं म्हणणं एकच, “पुस्तकात असा नाहीये.”

पुस्तकात कसा असेल? पुस्तकातल्या पक्ष्यांची चित्रं म्हणजे स्थळं बघणाऱ्यांकडे पाठवायचे फोटो. भांग पाडलेला, इस्त्री केलेली, उजेड नेमका. सप्टेंबरमधला पक्षी चित्रात घ्यायला कुणी धजत नाही.

कळस झाला तो पितृपक्षात. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर पान ठेवलं होतं : खीर, वडे, आमसुलाची चटणी. तासभर कावळ्याचा पत्ता नाही. अखेर आला तो असा की सगळे दचकले. मानेवरची करडी पिसं जागोजाग गेलेली, एका पंखात खिंडार, उरलेला काळा रंग विटून तपकिरी.

“हा कावळाच आहे ना?” काकूंच्या यजमानांनी कुजबुजत विचारलं. “नाहीतर शिवलेलं धरायचं नाही.”

मला दुर्बिणीसह वर बोलावण्यात आलं. कावळा दहा फुटांवर होता, तरी मी दुर्बीण लावली; पदाची काही इभ्रत असते. “गावकावळा,” मी निकाल दिला. त्यानं खीर ओलांडून थेट वडा उचलला.

काकूंना गहिवरून आलं. “मामंजींना गोड वर्ज्यच होतं हो. पण केवढी दशा झालीय त्यांची!”

“पिसं बदलताहेत,” मी धीर दिला. “दिवाळीपर्यंत सगळी नवी येतील.”

काकूंनी पदर सावरून कठड्याकडे हात जोडले. “ऐकलंत ना मामंजी? दिवाळीपर्यंत बरं वाटेल म्हणतात हे.”